बर्फात तापणारं इंजिन आणि मद्रासचं ऊन

३१ मे २००३ रोजी चेन्नईत पारा ४५ अंशांवर गेला होता. अशा शहरात बसून, बर्फावर पळणाऱ्या गाडीचं इंजिन तापतं म्हणून हळहळणं म्हणजे अंमळ अतीच. पण तापतं, हे खरं. कॅनडात कुठेतरी उणे वीस अंशांत, नजर जाईल तिथे बर्फ पसरलेला असताना, स्नोमोबाइलवाल्यापुढे तापमानाचा लाल दिवा लागतो. मग तो बिचारा खाली उतरतो आणि लाथेने बर्फ उडवून गाडीच्या पोटाखाली घालत बसतो.

दोष थंडीचा नाही, गाडीच्या रचनेचा आहे. पाण्यावर थंड होणाऱ्या बहुतेक स्नोमोबाइलचे कूलर मागच्या रबरी पट्ट्याच्या वर, बोगद्यासारख्या खोबणीत असतात. पट्टा फिरला की भुसभुशीत बर्फ उडून त्यांच्यावर आदळतो, वितळतो आणि जाताना उष्णता घेऊन जातो. सोय फुकटची, त्यामुळे तिच्यात मेख असणारच. बर्फ उडला पाहिजे! आधी गेलेल्या गाड्यांनी दाबून टणक केलेल्या वाटेवर काहीच उडत नाही. शिवाय पट्टा ज्या दोन रुळांवर सरकतो, त्यांच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनाही बर्फाचंच वंगण लागतं. ते मिळालं नाही की प्लॅस्टिक वितळू लागतं, पट्टा अडखळतो आणि चालक त्या बर्फाळ शांततेला न शोभणारे शब्द वापरतो.

यावर उतारा म्हणजे आइस स्क्रॅचर. रुळाला बांधलेली, स्प्रिंगच्या पोलादाची एक वाकडी दांडी किंवा जाड तार. तिचं टोक वाटेवर घासत जातं आणि खोवणीवरून नारळाचा चव पडावा तसा बर्फाचा कीस निघतो. तो पट्ट्यात शिरतो आणि तिथून कूलरवर फेकला जातो. एवढंच यंत्र. पण एवढ्याशा यंत्रावर हौशी मंडळी रात्ररात्र गॅरेजात घालवतात. कोणी टोकाला कार्बाइड बसवतो, कारण साधं पोलाद झिजतं. कोणी दांडी पुढे सरकवतो, कीस पट्ट्याबाहेर न उडता आत जावा म्हणून. गाडी मागे घेताना दांडी उलटी रुतते, वाकते, प्रसंगी तुटते. म्हणून कोणी कडक दांडी काढून दोन्ही दिशांना वळणारी तार लावतो. मऊ बर्फ लागला की ती उचलून आकड्यात अडकवायची. विसरलात तर पुढच्या डांबरी रस्त्यावर ठिणग्या उडतात आणि कार्बाइडचे पैसे वसूल होण्याआधीच संपतात.

चेन्नईला बर्फाचं कौतुक नवं नाही. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तळ्यांतला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजाने मद्रासला आणला. तो ठेवायला १८४०च्या दशकात मरीनाकाठी बांधलेलं आइस हाउस अजून उभं आहे. पुढे १८९७ साली स्वामी विवेकानंद तिथे उतरले. पण त्या बर्फाचं काम साहेबाचा पेला गार करणं एवढंच. या शहरात इंजिनाला गार ठेवायला वारा लागतो, आणि अण्णा सलैवर वाहनं तुंबली की तोही मिळत नाही.

इथेच बुलेट मोटारसायकल आणि स्नोमोबाइल एकाच दुखण्याने आजारी पडतात. १९५५ पासून मद्रासच्या एन्फील्ड कारखान्यात तयार झालेल्या बुलेटच्या सिलिंडरभोवती पंखांसारखे पातळ पत्रे असतात. गाडी धावली की त्यांतून वारा जातो. सिग्नलला थांबली की पत्रे तसेच राहतात, वारा बंद पडतो आणि चालकाची पोटरी भाजू लागते. दक्षिणेतले मालक मग ऑइल कूलर लावतात, तेल बदलतात, मेकॅनिकला बोल लावतात. ओरखडायला त्यांच्या खाली फक्त तापलेलं डांबर असतं.

या बाबतीत पुण्याजवळच्या आकुर्डीची जुनी बजाज चेतक स्कूटर दूरदृष्टीची म्हणायची. फ्लायव्हीललाच पाती, भोवती पत्र्याचं आवरण आणि सिलिंडरवर सतत हवेचा झोत. गाडी उभी असो वा धावती, इंजिन चालू असेतो पंखा फिरतोच. सकाळी तिला आडवी केल्याशिवाय ती सुरू होत नसे, हा वेगळा विषय. तापण्याच्या तक्रारीपेक्षा कंबरेच्या तक्रारी जास्त असायच्या. गंमत म्हणजे पंख्याच्या स्नोमोबाइलही बनतात. त्यांच्या इंजिनाला बर्फाच्या किसाची गरज नसते, रुळांनाच काय ती असते. नात्याने त्या चेतकच्या चुलत बहिणीच.

२०२१च्या डिसेंबरमध्ये रॉयल एन्फील्डच्या दोन हिमालयन मोटारसायकली दक्षिण ध्रुवावर गेल्या. त्यासाठी केलेले बदल वाचताना चेन्नईकराला हसू यावं. साखळीचं पुढचं चक्र १५ दात्यांऐवजी १३ दात्यांचं, टायरला खिळे आणि मोठा अल्टरनेटर, कशासाठी तर चालकाचे कपडे विजेवर गरम ठेवायला! ज्या कंपनीच्या गाड्यांवर मे महिन्यात लोक पोटऱ्या भाजून घेतात, तिच्या इंजिनाला तिथे माणूस उबदार ठेवायची नोकरी लागली. २०२३च्या नव्या हिमालयनला तर पाण्याचा रेडिएटर आणि त्याला पंखाही आला. चेन्नईच्या हवेसाठी हा निर्णय योग्यच होता, फक्त जरा उशिरा झाला.

तेव्हा चेन्नईतल्या मंडळींनी सिग्नल लांबला तर सरळ इंजिन बंद करावं. आणि कोणी हिवाळ्यात गुलमर्गला जाऊन स्नोमोबाइल भाड्याने घेणार असेल, तर त्याने आधी खाली वाकून पाहावं. स्क्रॅचर असेल तर गाडी मागे घेण्यापूर्वी तो उचलून अडकवला आहे की नाही हे चालवणाऱ्याला विचारावं, कारण तुटलेल्या दांडीचं बिल गाडी घेणाऱ्याच्याच नावावर येण्याचा संभव जास्त.