उसने टायर

गेल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या शेठजींच्या ट्रकचा दाखवण्याचा कार्यक्रम होता. सरकारी भाषेत फिटनेस तपासणी, आमच्या जालन्यात पासिंग. शेठजींच्या नऊ गाड्या, नऊही सळई वाहतात. त्यातल्या जिचा मुहूर्त होता तिला पहाटेपासून न्हाऊ-माखू घालणं चाललं होतं. मागचे दोन टायर भावाच्या गाडीचे आले, स्टेपनी साडूच्या गाडीची. वायपर गॅरेजवाल्याने दिले, संध्याकाळी परत करायच्या बोलीवर. मागचे लाल दिवे शेठजींच्याच चौथ्या गाडीचे काढून हिला बसवले. चमकणाऱ्या पट्ट्या तेवढ्या स्वतःच्या होत्या, कारण चिकटवलेली वस्तू उसनी देता येत नाही. प्रथमोपचाराची पेटी घरून आली. उघडली तर आत शेठाणीबाईंचं शिवणाचं सामान. "राहू द्या," शेठजी म्हणाले, "टाके तर टाके."

साहेबांनी कसून तपासलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. टायर ठोकून पाहिले, ब्रेक दाबायला लावला, दिवे लावून-विझवून बघितले, वायपर फिरवला. दोष निघाला नाही. त्या दिवशी दोष नव्हताच. गाडी आठ वर्षांच्या आतली, म्हणून दोन वर्षांचा दाखला मिळाला. परतीच्या वाटेवर मंठा चौफुलीला पेढे वाटले आणि दिवेलागणीच्या आत सगळे दागिने ज्याचे त्याला पोचते झाले. साडू जरा कुरकुरला. त्याची स्टेपनी गेली तेव्हा हवा भरलेली होती म्हणे.

आता शेठजी माणूस वाईट आहेत असं नाही. त्यांच्याकडे सुरक्षा धोरणसुद्धा आहे, लेखी. मोठ्या शहरातल्या एका बांधकाम कंपनीने अट घातली की धोरणाशिवाय माल घेणार नाही. शेठजींनी बी.कॉम.ला अडकलेल्या पुतण्याला सुरक्षा अधिकारी नेमलं आणि त्याने तीन दिवसांत तीनशे पानांची फाइल उभी केली. मी ती चाळली. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ सालचा, २०२५ मध्ये नव्या संहितेत विलीन होईपर्यंत चालला. त्यात चालकाला दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास काम, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं स्वच्छ लिहिलं होतं. पुतण्याच्या रजिस्टरात तो कायदा तंतोतंत पाळलेला आहे. नऊ चालक वर्षभर रोज रात्री दहाला झोपतात, सहाला उठतात, आणि नवांचंही हस्ताक्षर एक आहे. एक जण तर ३१ नोव्हेंबरलाही आठ तास झोपला.

प्रत्यक्षात त्याच चालकाला मी चहाच्या टपरीवर विचारलं, कधी झोपला होतास? परतूरकडचा पोरगा. त्याने जरा आठवून पाहिलं. "नागपूरला माल उतरवताना हमालांनी दोन तास लावले की साहेब, तवा."

जुने लोक 'जालना सोने का पालना' म्हणायचे. सोनं गेलं, लोखंड आलं. भट्ट्या आणि रोलिंग मिलनी या गावाला सळईचं गाव केलं. पाळणा तेवढा राहिला. फक्त आता तो ताशी ऐंशीने धावतो आणि आत झोपलेल्याच्या हातात स्टिअरिंग असतं. ऐंशी हा आकडाही माझा नाही. मालवाहू गाडीला वेग अडवणारं यंत्र लागतं आणि त्याची मर्यादा ऐंशीची. शेठजींच्या गाड्यांत ते यंत्र आहे, त्याचा दाखला आहे, दाखल्याची रंगीत झेरॉक्स आहे. त्याच्या वायरला पानाच्या टपरीमागे एक जण कमी पैशात 'आराम' देतो. चालकाला मिळत नाही तो आराम वायरला मिळतो.

सळईचं दुखणं वेगळं. ती निघते बारा मीटरची, म्हणजे चाळीस फुटांची, आणि गाडीचा हौदा त्याहून बराच आखूड. यावर दोन इलाज: सळई मधोमध वाकवून घालायची, नाहीतर मागून बाहेर सोडायची. वाकवायला मजुरी पडते. बाहेर सोडायला लाल फडकं पुरतं. पूर्वी माल थोडा मागे डोकावायला नियमातच मुभा होती. असे गज मागच्या गाडीच्या काचेतून आत शिरून इतकी माणसं मेली, की २०१४ मध्ये केंद्राने ती मुभा काढून घेतली. २०१९ च्या दुरुस्तीने त्यावर २०,००० रुपये दंड बसवला, माल उतरवून घ्यायचा खर्च वेगळा. फडकं बांधलं म्हणून तो दंड चुकत नाही. पण श्रद्धा कायद्याला विचारून ठेवत नाहीत. पुढे लिंबू-मिरची, मागे फडकं, मधे वीस-पंचवीस टन लोखंड. फडकं सकाळी लाल असतं, दुपारी चॉकलेटी होतं आणि रात्री, ज्या वेळी त्याची गरज असते, तेव्हा ते सळईच्याच रंगाचं असतं.

टनांचं म्हणाल तर तिथेही सरकारने मन मोठं केलं होतं. जुलै २०१८ मध्ये एक्सलवरच्या वजनाच्या मर्यादा वाढवल्या. तीन एक्सलची गाडी मालासकट २५ टनांवरून २८.५ वर गेली. हेतू असा, की लोक चोरून भरतात ते उजळ माथ्याने भरतील. शेठजींनी २८.५ हा नवा तळ धरला आणि तिथून वर मोजायला सुरुवात केली. जादा भारासाठी २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा दंड आहे. सहा टन जास्त असले तर ३२,००० होतात. शेठजींचं गणित असं की रोज कोण धरतं? कायदा म्हणतो, गाडी हाकणारा आणि हाकायला लावणारा, दोघेही दोषी. काट्यावर मात्र हाकणाराच उभा असतो. लावणारा त्या वेळी मोंढ्यात पंख्याखाली.

समृद्धी महामार्ग आमच्या जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि काही महिन्यांत परिवहन खातं चढायच्या जागीच टायर तपासू लागलं. गुळगुळीत दिसले की गाडी परत. चांगलं काम. शेठजींच्या चालकांनी जुना रस्ता धरला, तिथे टायरकडे कोणी बघत नाही. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ खासगी बसला आग लागून २५ प्रवासी जळून गेले. मग त्याच जागेवर लोकांनी महामृत्युंजयाचा विधी केला. त्यांना हसायचा अधिकार आपल्याला नाही, आपलीही शिवणाची पेटी पास झालेली आहे.

एका रात्रीबद्दल मात्र विनोद सुचत नाही. १५ ऑक्टोबर २०२३, वैजापूरजवळ समृद्धीवर एक टेम्पो ट्रॅव्हलर पुढच्या ट्रकवर मागून आदळला. १२ माणसं गेली. ट्रक तपासणीसाठी भर महामार्गावर थांबवला होता असा आरोप झाला आणि परिवहन खात्याच्या दोघांना अटक झाली. नियम पाळायला लावणं आणि माणसं जगवणं ही दोन वेगळी खाती असल्यासारखं आपण वागतो.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. भट्टीच्या गावातल्या चालकाला तो मिळायलाच हवा, यात दुमत नाही. शेठजींना फक्त एकच काळजी, गार हवेत पोरगा झोपला तर? झोपू द्यायचा असतो, हे फाइलच्या तीनशे पानांत कुठेतरी असेल. पुतण्याला शोधायला सांगितलंय.

परवा रात्री ती पास झालेली गाडी नागपूरकडे निघाली, मागे फडकं बांधून. जाताना शेठजींनी नारळ फोडला. मी मागच्या बाजूला उभा होतो, म्हणून तुम्हाला एवढंच सांगून ठेवतो: अंधारात पुढचा ट्रक किती लांब आहे ते त्याच्या लाल दिव्यावरून ठरवू नका. तो दिवा सध्या पाचव्या गाडीबरोबर पासिंगला गेलाय.