कोणत्या मिशनचे?

उपासना संपली की आमच्याकडे नव्या माणसाशी आधी ‘सलाम’ होतो, आणि लगेच प्रश्न येतो: ‘तुम्ही कोणत्या मिशनचे?’ नाव नंतर. राहता कुठे, नोकरी लागली का, घरी कोण आजारी आहे, हे त्याच्याही नंतर. मी ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यातल्या एका मराठी मंडळीचा पाळक आहे. हा प्रश्न मला आता ऐकवत नाही. माझं मिशन कोणतं ते इथे मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं की अर्धे वाचक पुढचा मजकूर त्या चष्म्यातून वाचतील.

गेल्या महिन्यात एक बाई भेटायला आल्या. कापडी पिशवी, तिच्यात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला आणि सगळ्यांत खाली बाप्तिस्म्याचा दाखला. घडीवर विरलेला, मागून सेलोटेप लावलेला, सेलोटेपही पिवळा पडलेला. जांभळ्या शाईतली सही आणि नेवासे तालुक्यातलं एक गाव. बाई लग्नानंतर कल्याण पूर्वेला आल्या. घराजवळ भाड्याच्या हॉलमध्ये प्रार्थना चालते, तिथे जायला लागल्या. तिथे त्यांना सांगितलं गेलं की लहानपणी डोक्यावर शिंपडलेलं पाणी म्हणजे बाप्तिस्मा नव्हे, पाण्यात बुडून पुन्हा घ्या, तोवर प्रभुभोजन नाही.

बाईंनी दाखला माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, “पाळक साहेब, आईनं मला कडेवर घेऊन मंडळीपुढे वचन दिलं होतं. ते खोटं होतं का?”

नव्हतं. मी तसं स्पष्ट सांगितलं. इथेही स्पष्टच लिहितो: एकदा घेतलेला बाप्तिस्मा पुरतो.

समजत्या वयात, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करून घेतलेला बाप्तिस्माच खरा, असं मानणारे जगभर आहेत, शेकडो वर्षांपासून आहेत, आणि त्यांच्याकडे वचनांचा आधार आहे. त्यांच्याशी माझा मतभेद आहे, पण तो प्रामाणिक मतभेद आहे. एखादा माणूस त्या मताला आला तर मी त्याला अडवणार नाही. पण परगावाहून आलेल्या, एकट्या पडलेल्या बाईला ‘तुझा पहिला विश्वास रद्द’ असं सांगून आपल्या मंडळीची संख्या वाढवणं हा मतभेद नव्हे, ती मेंढरांची पळवापळवी आहे. आणि ती बाई त्या हॉलमध्ये गेली, कारण कल्याणात येऊन वर्ष झालं तरी आमच्यापैकी कोणीही तिच्या दारात गेलं नाही. मीही गेलो नाही. हे आधी कबूल केलं पाहिजे.

आता ‘मिशन’ म्हणजे काय ते पाहू. आपल्यातल्या बहुतेकांच्या आजोबा-पणजोबांनी पंथ निवडला नव्हता. मिशनऱ्यांनी आपापसांत हद्दी वाटून घेतल्या होत्या, एकाच्या मुलखात दुसऱ्याने जायचं नाही असा समझोता होता. नगर आणि वडाळ्याकडे अमेरिकन मराठी मिशन. जालन्याला स्कॉटिश मिशन, तिथे नारायण शेषाद्रींनी बेथेल गाव वसवलं. कोल्हापूर-मिरजेला अमेरिकन प्रेस्बिटेरियन, ज्यांच्या डॉ. वान्लेस यांनी मिरजेचं इस्पितळ उभं केलं. भुसावळ-अकोल्याकडे अलायन्स. बुलढाण्यात नाझरीन. म्हणजे आजोबांच्या गावात ज्याची बैलगाडी पोचली, त्याचे आपण झालो. काँग्रिगेशनल की प्रेस्बिटेरियन याचा निवाडा करायला कोणी बसलं नव्हतं. दुष्काळ होता, जातीचा जाच होता, शाळा हवी होती, आणि येशूचं नाव कोणीतरी प्रेमाने सांगितलं.

तो आजोबांचा तालुका आपण डोंबिवलीच्या दोन खोल्यांत घेऊन आलो. आणि मुलीच्या लग्नाच्या वेळी तो बाहेर काढतो: मुलगा चांगला आहे हो, पण मिशन वेगळं आहे.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांनाही हाच गोंधळ भेटला होता. इतके पंथ, आणि प्रत्येकाच्या हातात तेच बायबल. ज्यांनी बाप्तिस्मा दिला त्यांच्याशीही बाईंनी मतभेद केले, स्वतः शास्त्र वाचलं, पुढे स्वतः त्याचं मराठी भाषांतर केलं. केडगावचं मुक्ती मिशन त्यांनी कोणत्याही एका पंथाच्या दावणीला बांधलं नाही. बाईंचं नाव आपण भाषणात घेतो, त्यांच्या या बाण्याबद्दल बोलत नाही.

एकीचं काम झालंच नाही असंही नाही. १९२४ साली प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल एकत्र आले. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्यांनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया केलं. त्यांत अँग्लिकन होते तसे बाप्टिस्टही होते, म्हणजे बालकांना बाप्तिस्मा देणारे आणि न देणारे एका छपराखाली आले, दोन्ही रीती मान्य करून. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी मागे राहिले. त्याचं दुःख करणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ‘बरं झालं’ म्हणणारीही. पुढे १९७८ साली चर्च ऑफ साउथ इंडिया, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि मार थोमा या तीन मंडळ्यांची संयुक्त परिषद स्थापन झाली. शेजारच्या इमारतीतलं मार थोमा कुटुंब चर्च ऑफ नॉर्थ इंडियात येऊन प्रभुभोजन घेऊ शकतं, आणि तिथला सभासद त्यांच्याकडे जाऊन. किती घरांना हे ठाऊक आहे? आम्ही पाळकांनी सांगितलंच नाही तर कळणार कसं?

कॅथलिकांशी मेजावर अजून एकत्र बसता येत नाही. तो फरक खरा आहे, जुना आहे, शब्दांच्या सारवासारवीने मिटणार नाही. पण ठाण्यात राहणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं: १३२१ साली याच ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू विश्वासासाठी मारले गेले. मार्टिन लूथर जन्मायला तेव्हा १६२ वर्षं बाकी होती. ते चौघे कोणाचे? मी त्यांना माझेही मानतो.

पावसाळ्यात एक दफनविधी केला. मयत मेथडिस्ट, रेल्वेतून निवृत्त झालेला म्हातारा. खड्ड्यात पाणी साचलं होतं, बादलीने उपसावं लागलं. उपसणाऱ्यांत एक कॅथलिक शेजारी होता, त्याच्या मनगटाला जपमाळ गुंडाळलेली. मार थोमा घरातल्या बाईंनी विधवेच्या डोक्यावर छत्री धरली होती आणि स्वतः भिजत होत्या. हॉलमधल्या प्रार्थनेला जाणारे दोन तरुण पेटीला खांदा देऊन आले होते. मग नारायण वामन टिळकांचं गीत सुरू झालं, आणि ज्यांना मराठी शब्द येत नव्हते तेही चाल धरून गुणगुणत राहिले. माती टाकताना कोणी कोणाला मिशन विचारलं नाही. त्या ओल्या खड्ड्याभोवती मला जी मंडळी दिसली, ती रविवारी सकाळी चार दारांनी चार ठिकाणी जाते.

पाळक बंधू-भगिनींनो, माझं मागणं मोठं नाही. दुसऱ्या मंडळीचं पत्र घेऊन कोणी आलं तर ते मान्य करा. पत्र नसेल तर आपण फोन करून मागवा. बाप्तिस्मा झालेला असेल तर पुन्हा पाण्यात उतरवू नका. कोणी आपली मंडळी सोडून तुमच्याकडे आलं, तर त्याच्या पाळकाला कळवा. आणि मंडळीतल्या वडिलांनो, दारात उभ्या असलेल्या माणसाला आधी नाव विचारा.

नेवाशाच्या त्या बाईंचं नाव मी गेल्या रविवारी नोंदवहीत लिहिलं. बाप्तिस्म्याच्या रकान्यात त्यांच्या त्या विरलेल्या दाखल्यावरचीच तारीख घातली.