निसर्गाच्या कुशीत, दुसऱ्या मजल्यावर

(घरशाळा सुरू करू पाहणाऱ्या आईबाबांसाठी प्राथमिक मार्गदर्शन)

सुरुवात साधेपणाच्या खरेदीने करावी. हातमागाचे कुडते, मातीची भांडी, सावंतवाडीची लाकडी भाजी, मोड आणायला तीन मजली काचेचं भांडं. बेरीज एखाद्या बऱ्या शाळेच्या फीएवढी झाली की साधी राहणी जमली असं समजा. (भिजवलेल्या मुगाला जुन्या पंच्याच्या पुरचुंडीतही मोड येतात. पण इतकं साधं राहणं फक्त आजींनाच जमतं.)

मग घरच्यांना सांगावं. आजी विचारतील, "म्हणजे पोर नुसतं घरात बसणार?" इथे ताराबाई मोडकांचं नाव घ्यावं. त्यांनी आणि अनुताई वाघांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम मांडलं, १९५७मध्ये ते कोसबाडला नेलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर थेट कुरणात. हे सगळं आवेशात सांगावं. फक्त त्या पोरांना कामामुळे शाळेत येता येत नव्हतं आणि तुमच्या पोराची शाळेची बस फाटकाशी उभी राहते, एवढं वाक्य खालच्या आवाजात. आजींनी स्वतः लहानपणी गुरं राखली असतील तर विषयच काढू नका.

कायदा शेजारचे काका काढतील. २००९चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांना लागू आहे. मुलाला शाळेत घालणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घालणाऱ्याला शिक्षा लिहिलेली नाही. या फटीतच बहुतेक घरशाळा भरतात. "दहावीचं काय?" याला उत्तर आहे: राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. चौदा वर्षं पूर्ण झाली की तिथून परीक्षेला बसता येतं. तुमचं मूल चारचं असेल, तर काकांना दहा वर्षं कळ काढायला सांगा.

आता प्रत्यक्ष वर्ग. गॅलरीतल्या कुंडीत एक कढीपत्ता पुरे. पावसाळ्यात लिंबाळी फुलपाखरू येऊन त्याच्या कोवळ्या पानांवर फिकट पिवळी, बारीक मोहरीएवढी अंडी घालून जातं. अळी निघते ती काळपट-पांढरी, थेट पक्ष्याची शीट वाटावी अशी; चोच मारावीशी कुणाला वाटतच नाही. वाढत गेली की पानासारखी हिरवी होते. डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मूल तिच्यासमोर उकिडवं बसेल, तासभर बसेल. तेवढा वेळ आईबाबांनी तोंड मिटून ठेवायचं. अख्ख्या अभ्यासक्रमात अवघड काय असेल तर हेच, आणि बहुतेक पालक यातच नापास होतात. कुणाला राहवत नाही: "सांग बरं, अळीला पाय किती?" कुणी मोबाइल पुढे करतं: "बाळा, जरा इकडे बघ." मूल उठून जातं. शाळा नको म्हणून घरी ठेवलं, आणि घरात मास्तर शिरला! भाकरी थापायला मांडी ठोकून बसलेल्या पोराला परीघ समजावणारे बाबाही मी पाहिलेत. भाकरी करपली, परीघ तिथेच राहिला.

कढीपत्त्यावर कडुलिंबाचं तेल फवारायचं नाही, हे आजींना आधीच बजावून ठेवा. अळी काही दिवसांत फांद्या बोडक्या करेल आणि तुमच्या वरणाच्या फोडणीला एकही पान उरणार नाही. तेव्हा वाटी घेऊन शेजारी जा आणि काकांकडे कढीपत्ता मागा. त्यांचे नातू शाळेत जातात, त्यामुळे त्यांच्या झाडाला पानं असतात.