भोपळा-मद्याचा निवाडा

अमेरिकेतील आद्य वसाहतकारांनी सातूच्या टंचाईपायी, केवळ नाइलाजास्तव, भोपळा आंबवून बिअर केली. परंतु त्यांच्या सुसंस्कृत वंशजांनी, सातूची कोठारे ओसंडत असताना, तोच नाइलाज ऐच्छिक करून शरद ऋतूची ही बाटली भर ऑगस्टात, भोपळा वेलीवर हिरवा असतानाच, बाजारात दाखल करण्याची जी तजवीज केली आहे, ती पंचांगावरील विजय म्हणूनच वंदनीय होय. मग अशा बाटल्या चाखून पारखायला मित्रमंडळी पंच होऊन बसतात, दालचिनी, लवंग, जायफळ यांची रीतसर जबानी होते (बासुंदीतही एवढे जायफळ ओतण्याची कोणाची छाती नाही), आणि ‘भोपळ्याचा स्वाद अस्सल’ असा शेरा मारून जी बाटली एकमुखाने अव्वल ठरते, तिच्यात भोपळा लेबलावरील चित्रापुरताच असतो. पुढील सुधारणा उघड आहे: बिअरही वगळावी, आणि पंचांत लेबल तेवढे फिरवावे.