शंभर नको, ऐंशी पुरे

ताम्हिणी उतरून दिवेआगरला येणारे विजेच्या गाडीवाले हल्ली समुद्राआधी १५ अँपिअरचा प्लग शोधतात. मालकीणबाईंनी "मोदक किती करू?" विचारलं, तर मोबाइलमधून मान न काढता उत्तर येतं, "ऐंशी टक्के!"

हे खूळ नव्हे, शास्त्र आहे. लिथियमची बॅटरी काठोकाठ भरून उन्हात उभी ठेवली की लवकर म्हातारी होते. म्हणून रोज ऐंशीपर्यंत. शंभर लांबच्या प्रवासाला, तेही निघायच्या तोंडावर. लोह-फॉस्फेटवालीला मात्र अधूनमधून शंभर करावंच लागतं, नाहीतर तिचा टक्क्यांचा हिशेब चुकतो. तुमची कुठली, असं विचारलं तर मालक गाडीचा रंग सांगतात.

काही जण घाटमाथ्यावरच शंभर भरून घेतात. मग उतारावर ब्रेकमधून मिळणारी वीज ठेवायला जागाच उरत नाही. फुकटचं नाकारणारे हे पहिलेच पुणेकर.

गाडी सुरूच्या सावलीत, स्वतः भर दुपारी वाळूत.

यजमान काकांना टक्क्यांचं अप्रूप नाही. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर इथे मोबाइल चार्ज करायचेही वांधे होते. ते एवढंच म्हणतात, "लाइट आहे तोवर भरून घ्या हो. ऐंशीचं काय ते पुण्यात बघा."