मामांना काढायचंय, रेंडर लावा

कापूरहोळ फाट्यावर एका बाजूला भोरचा रस्ता, दुसऱ्या बाजूला नारायणपूर-सासवडचा. दाट तिथीला या पट्ट्यातल्या मंगल कार्यालयांत वऱ्हाडी भलत्याच लग्नात जेवून, आहेर देऊन, ढेकर देत घरी जातात.

प्रत्येक लग्नाला चार कॅमेरे आणि वर एक ड्रोन. शिवाय भाटघरच्या पाण्याकाठी नवरदेव आधीच स्लो मोशनमध्ये चालून आलेला असतो.

या सगळ्या शूटिंगचं पुढे काय होतं? ते स्टुडिओत जातं. आणि तिथेच बसतं.

"व्हिडिओ कधी देताय?" "रेंडरला लावलाय." संपला विषय.

या रेंडरवर, म्हणजे शूटिंगची शेवटची फाइल बनवण्याच्या कामावर, गावोगावच्या स्टुडिओवाल्यांनी एकच इलाज शोधलाय: ग्राफिक्स कार्ड. साठ हजारांचं घ्या, हप्त्यावर घ्या, पण घ्या. आत रंगीत दिवे लागले की गिऱ्हाईकही गप्प बसतं.

कार्ड खोटं नाही हो. फोर-केच्या एका फ्रेममध्ये सुमारे 83 लाख ठिपके, आणि अशा सेकंदाला 25 फ्रेम. नवरीचा चेहरा उजळायचा म्हणजे ठिपक्या-ठिपक्याला तेच गणित. प्रोसेसर हा आचारी. हुशार, पण दोन हातांचा. कार्ड म्हणजे हजारो वाढपी, एका दमात अख्खी पंगत वाढणारे. या वाढप्यांना इतर कामांनाही जुंपायची सोय कार्डवाल्या एनव्हिडिया कंपनीने 'कूडा' नावाने 2007 मध्ये दिली. 2012 पासून तर व्हिडिओ आवळून फाइल बनवायचं वेगळं यंत्रच कार्डावर आलं.

पण आमटीच उकळली नसेल, तर वाढप्यांनी काय करायचं?

साठ हजारांचं कार्ड, आणि शूटिंग साठवलंय कुठे? दहा वर्षांपूर्वीच्या, करकर वाजणाऱ्या हार्ड डिस्कवर. रॅम आठ जीबी. टास्क मॅनेजर उघडून बघा, कार्ड बारा टक्क्यांवर डुलक्या काढतंय.

आणखी गंमत ऐका. आजचे चांगले कॅमेरे दहा बिट 4:2:2 मध्ये शूट करतात. रंग झकास येतात. पण एनव्हिडियाच्या गेमवाल्या कार्डांना ही फाइल स्वतः उलगडता येत नव्हती. 2025 च्या 50 मालिकेपर्यंत ते काम प्रोसेसरच्याच गळ्यात होतं. उलट इंटेलच्या प्रोसेसरमध्ये फुकट मिळणारं ग्राफिक्स यातल्या एचईव्हीसी पद्धतीने आवळलेल्या फाइली कित्येक वर्षं आरामात उलगडतंय.

मग आमच्या स्टुडिओवाल्याने इंटेलचा कोणता प्रोसेसर घेतला? नावाच्या शेवटी 'एफ' असलेला. म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद असलेला. "कार्ड आहेच की, एफ घ्या, पैसे वाचतील," असं दुकानदार म्हणाला होता.

वाचले!

सॉफ्टवेअरचं विचारू नका. साठ हजारांच्या कार्डावर जे चालतं, ते पेनड्राइव्हवरून फुकट आलेलं असतं. ते अपडेट करायचं नाही, नेट लावायचं नाही, आणि मधेच बंद पडलं तर शिव्या कंपनीला.

वर पत्र्याचं छप्पर आणि महिना मे. एनव्हिडियाचं थोरलं कार्ड, 5090, जोर लावला की 575 वॅट ओढतं. धाकटी कमी ओढतात, पण त्या पत्र्याखाली तीही तापतातच. तापलं की कार्ड स्वतःच वेग कमी करतं. म्हणजे वेगासाठी घेतलेल्या कार्डाला पळता यावं म्हणून आता एसी घ्यायचा. लाईट गेली की तोही बंद.

कार्ड नव्हतं तेव्हाचं बघा. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 चा. कच्च्या फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरातच करत. अख्खा चित्रपट काही महिन्यांत तयार झाला. आमच्याकडे लग्नाचा तीन मिनिटांचा टीझर येतो, तेव्हा बारशाचं शूटिंग चालू असतं.

कारण उशीर रेंडरमध्ये होताच कधी? चार कॅमेऱ्यांचं आठ-आठ तासांचं शूटिंग कुणीतरी बसून बघायचं असतं. गाणं नवरीने निवडायचं, ते सासूने बदलायचं, आणि 'आमच्या पाव्हण्यांचा सत्कार दिसत नाही' म्हणून चुलत्याने फोन करायचा. यातलं कुठलं काम कार्ड करतं?

उलट रेंडर झटपट होतंय म्हटल्यावर लोकांनी कॅमेरे वाढवले. हळदीला वेगळा, मेंदीला वेगळा. साखरपुड्यालाही आता ड्रोन उडतो. वाचलेला वेळ गेला कुठे, कळलं?

आता मात्र कार्डाला खरं काम मिळालंय. परवा स्टुडिओत नवरीकडची मंडळी आली. लग्नात स्टेजवर मामा पुढे-पुढे होते. नंतर शेताची मोजणी आली, बांध सरकला, बोलणं बंद झालं.

"मामांना काढून टाका. सगळीकडून."

हल्ली हे जमतं. माणसाभोवती रेघ मारायची, सॉफ्टवेअर पुढच्या फ्रेमांत त्याचा माग काढतं, मागची भिंत भरून टाकतं. गणित प्रचंड. कार्ड पहिल्यांदाच शंभर टक्क्यांवर गेलं. पंखे बोंबलतायत, स्टुडिओवाला खूश. पैसे फिटले म्हणतो.

फक्त मंगलाष्टकांपाशी गाडी अडलीय. अंतरपाटाचं एक टोक मामांच्याच हातात आहे.