पांढरी चकती

लहान मुलांच्या खेळांत इतकी शांत पंगत मी दुसरी पाहिली नाही. जाड पुठ्ठ्याच्या पटावर प्राणी तोंडं उघडून बसलेले असतात. शेजारच्या ढिगातली चकती उचलायची, उलटायची आणि ज्याचा घास त्याच्यापुढे ठेवायचा. सशाला गाजर, माकडाला केळं, उंदराला चीज, मांजराला दूध, हत्तीला ऊस. कुणी शेजाऱ्याच्या पानात डोकावत नाही, कुणी मठ्ठा पुन्हा मागत नाही, आणि जावईबापू तर कुणीच नसतो.

रायपूरच्या तात्यापाऱ्यात, म्हणजे भोसल्यांच्या मागोमाग छत्तीसगडात आलेल्या मराठी माणसांच्या जुन्या वस्तीत, हा पट उघडला की मात्र शिस्त बिघडते. आमची पाच वर्षांची नात चीजची चकती उलटसुलट करून बघते आणि विचारते, "आजी, आपल्या उंदराला हे कुठं मिळतं?" प्रश्न रास्त आहे. आमचे उंदीर पिढ्यान्‌पिढ्या भातावर पोसलेले. शिवाय सशाचं खरं जेवण गवत-पाला, आणि पुष्कळशा मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. खेळ करणाऱ्यांनी प्राण्यांना विचारलं नसावं. चित्रांच्या पुस्तकांना विचारलं असावं. एक जीव आणि एकच चकती हा नियम आमच्या शहरात निभावला तो दूधाधारी मठाच्या महंत बलभद्रदासांनी. ते फक्त दुधावर राहत, म्हणून मठाला हे नाव पडलं, असं सांगतात. बाकी रायपूरकर सकाळी पोहे, दुपारी वरण-भात आणि संध्याकाळी चाट खाऊन कुठल्याच चौकोनात नीट बसत नाहीत.

पटावरच्या बैलापुढे गवताची चकती ठेवताना माझाही हात अडखळतो. आजोळी वर्ध्याकडे पोळ्याला बैलाला पुरणपोळी असे. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरू, आणि आजोबा स्वतः घास भरवत. घरच्या माणसांची पानं त्यानंतर. तो लांबट, ओलसर जिभेचा पाहुणा पुरणपोळी खाताना गावच्या पाटलाइतका गंभीर दिसे. लग्न होऊन इथं आले, तर पोळा माझ्याआधीच येऊन बसलेला! इथले लोक त्याला पोरा म्हणतात. मुलांना चाकांचे मातीचे बैल मिळतात, मुलींना मातीची चूल, जातं, भांडीकुंडी. घरात ठेठरी-खुरमी तळतात आणि बैलापुढे ठेवतात. मातीचा बैल नैवेद्याला तोंड लावत नाही, हा त्याचा मोठाच गुण. खुरमी शेवटी पोरांच्याच खिशात जाते. जनावराला जेवू घालायचा खेळ परदेशातून आला, असं माझा मुलगा खोक्यावरचं वाचून सांगतो. त्याला त्याच्या बहिणीची मातीची चूल आठवत नाही. फोडली त्यानंच होती.

नातीनं शेवटी तोडगा काढला. जुन्या लग्नपत्रिकेची एक गोल चकती माझ्याकडून कापून घेतली आणि तिच्यावर काहीच काढलं नाही. पांढरं म्हणजे भात. तो कुणालाही चालतो. पहिला मान हत्तीला. मुलगा म्हणाला, हे नियमात बसत नाही. पण सरगुजा-कोरब्याकडचे हत्ती शेतातल्या धानासाठी आणि घरातल्या मोहासाठीच गावात शिरतात. त्यात माणसं मरतात, हत्तीही मरतात. 2021 साली तर राज्याच्या वनखात्यानंच हत्तींसाठी गावाबाहेर धान ठेवायची योजना मांडली. पोट भरलं की ते घरांकडे वळणार नाहीत, असा हिशोब. त्यावर विरोधकांनी बरीच टीका केली. मोठमोठे अधिकारी टेबलाभोवती बसून हत्तीपुढे कुठली चकती ठेवावी याचा खल करताहेत, हे चित्र मला फार आवडतं. त्यांची आणि आमच्या पोरीची चकती एकच निघाली.

तुमच्या घरी हा खेळ आलाच, तर अशा पांढऱ्या चकत्या आधीच कापून ठेवा. चार-पाच तरी लागतात.